फवारणी पंपाचं वायसर

नाव माहं मधुकर. दिग्रसचाच मी, जिनिंगच्या मांगच्या खोल्यायत जन्मलो, माहा बाप त्या जिनिंगात फिटर व्हता. काय सांगू तुम्हाले, मशिना चालू असल्या का बुढा भिंतीले टेकून बिडी ओढत उभा राहे अन् तिथूनच सांगे, तीन नंबरचं बेअरिंग चाललं आता. अन् रबर कोणतं हाये हे पाहाचं असलं तर दाताखाली धरे. डोया फसवते म्हणे, दात नाई फसवत. तुम्ही हासता, पण खरं हाये, नवं रबर, वाळलेलं रबर, तेल प्यायलेलं रबर, सारं दाताले येगयेगळं लागते. ते मी त्याच्याचपासून शिकलो.

मंग ते कपाशीचे वाईट वर्षं आले. जिनिंग दोन हंगाम अर्धीमुर्धी चालली, मंग कुलूप लागलं. बाप त्याच्या आंधीच गेलता, बरंच झालं, त्यानं ते कुलूप नाई पायलं. मी बसस्टँडच्या रस्त्यावर टिनाचं दुकान टाकलं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, शिलाई मशीन, जे येईल ते. जुन्या वस्तूचा पार्ट ओळखावा तर मधुकरनंच, असं लोक म्हणत. कंपनी बंद पडलेली, नाव पुसलेलं, मी नुसता हातात घेऊन सांगे का हे अमक्या मिक्सरचं हाये अन् याच्या जागी तमक्याचं बसते. डालड्याच्या डब्यायत पार्टच पार्ट. शांता, माही बायको, म्हणे हे घर हाये का भंगारवाल्याची गाडी. पण मले त्याचा लय गर्व व्हता. गर्व व्हता म्हणूनच हे सांगून राह्यलो तुम्हाले.

त्या वर्षायत माह्याकडं सगळ्यात जास्त काय येत व्हतं, तर फवारणीचे पंप. पाठीवर घेतात थे. कपाशीवर अळी, अन् अळी कोणत्याच औषधानं मरे ना, मंग लोक दोन-दोन औषधं एकात कालवत, आठ-आठ दिवसाले फवारत. पंप गळे, माणसाची पाठ ओली होये, थो तसाच दिवसभर वावरात फिरे. ज्या औषधानं अळी मरे ना त्यानं माणसं मेले बाप्पा, काय बोलाचं. पण रोजचंच झालं का भेव राहत नाई. रिकाम्या झालेल्या औषधाच्या डब्यायत लोक वावरात प्याचं पाणी नेत, मी पायलं हाये. मी बी जुन्या पंपातले वायसर काढून, निरम्यानं धुवून डब्यात ठेवो. वायसर म्हणजे ते रबराचं कडं, पाणी गळू नये म्हणून बसवतात ते. औषध पिऊन पिऊन ते नरम पडते, फुगते, कुठंबी चपखल बसते. नव्यापेक्षा बरं, असं मी सांगत व्हतो.

आता काकूचं ऐका. वकीलसाहेबाच्या घरच्या काकू, साहेब वारलेले, बुढी एकटी. वातानं दोन्ही हाताचे बोटं वाकडे, गिलास धरता येत नसे. निंदण सुरू झालं का भांडेवाली बाई निंदाले जाये, बोंडं फुटले का वेचाले जाये, मंग काकूच्या घरी भांड्याचा ढीग. म्हणून तिच्या जावयानं बाहेरदेशातून येताना भांडे धुवाची मशीन आणली व्हती. दिग्रसमंधी तवा ती एकच असंन. लोक पाहाले येत. दहा-बारा वर्षं चालली अन् त्या साली खालून पाणी गळाले लागलं. काकूनं बोलावलं, म्हणे मधुकर, नीट होईल ना रे, शुभदा आली आहे, बाळ आहे घरात, मला काही जमत नाही. शुभदाताई म्हणजे काकूची पोरगी, सात महिन्याची नात घेऊन आली व्हती, नुकतंच उष्टावण झालतं.

मी मशीन आडवी केली, खोलली. आतल्या पंपाच्या तोंडाशी वायसर, कापलं गेलतं. ताई म्हणे कंपनीनं हे मॉडेलच बंद केलं, पार्ट मिळत नाही. मी हासलो. म्हटलं ताई, मिळत नाई कसं, दहा मिनटं थांबा. दुकानात गेलो, डबा उपडा केला, अन् फवारणी पंपाच्या वायसरातलं एक उचललं, जुनं, नरम पडलेलं. तंतोतंत बसलं. एक थेंब गळला नाई. ताई म्हणे कमालच केलीत. काकूनं चहा दिला, अन् मी छाती फुगवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कास्तकार पंप घेऊन आला. झाकण गच्च बसलं व्हतं, निघे ना, म्हणून मी समोरच्या हॉटेलातून गरम पाणी आणून त्याच्यावर ओतलं. अन् काय सांगू तुम्हाले, असा वास उठला, असा वास, डोयाले पाणी आलं. कास्तकार म्हणे, काहून हो, मी तर तीनदा धुतला, थंड्या पाण्यानं. थंड्या पाण्यानं! म्हणजे रबरातलं जहर गरम पाण्यानंच बाहेर निघते. काकूची मशीन गरम पाण्यानं धुते. अन् तवा मले आठवलं का ते वायसर मी दाताखाली धरलंच नव्हतं. पंपाचं रबर मी कधीच तोंडात घेत नव्हतो, जहर असते म्हणून. म्हणजे पाहा, सोताच्या तोंडात घालाले भ्यालो, अन् लोकायच्या ताटवाट्यायत घालाले नाई भ्यालो.

दुकान तसंच उघडं टाकून पळालो. त्या घरात मी कधी चपला घालून गेलो नव्हतो, त्या दिवशी चपलासकट सयपाकघरात शिरलो. ताई लेकराले भरवत व्हती, चांदीची वाटी, राती मशीनमंधूनच निघालेली. मी ती वाटी हिसकावली. ताई किंचाळली. मंग मी सांगितलं, सारं सांगितलं, कोणत्या डब्यातलं, कशाचं, सारं. ताई म्हणे पहाटे उलटी झाली हिला, आम्ही दातांचं समजलो. अन् मले जे बोलली ते मी तुम्हाले सांगत नाई, पण तिचं एकबी बोलणं खोटं नव्हतं.

लेकराले यवतमाळले नेलं. दोन दिवस ठेवलं. मी दोन्ही दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून व्हतो, शांता डबा घेऊन आली तर तसाच वापस पाठवला. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळाले लागलं. डॉक्टर म्हणे दातांचंही असेल, त्याचंही असेल, आता सांगता येत नाही. झालं. ते 'सांगता येत नाही' माह्या छातीत तवापासून बसलं हाये. घरी येऊन मी पंपाचा डबा गावाबाहेर खड्डा खोदून पुरला, अन् पंप घेणं बंद केलं.

महिन्याभरानं काकूचा निरोप आला. मले वाटलं आता पोलिसात देतात. तर म्हणे, मधुकर, नवी मशीन घ्यायची आहे, तू चल सोबत. म्हटलं काकू, मले कायले नेता, माहं तोंड पाहाले तरी कसं होते तुम्हाले. म्हणे, दुकानदार त्याला विकायचं तेच सांगेल, तू आता माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. एसटीनं यवतमाळले गेलो. बुढीनं पिशवीत परात अन् कढई घेतली व्हती, म्हणे हे मावलं तरच घेईन. दुकानदार बटना दाखवे, लाइटा दाखवे, मी म्हणो आंधी खालचा पत्रा खोला अन् वायसर दाखवा, ते नागपूरले मिळते का, लिहून द्या. लाइन जाऊन आली तर मशीन पुढं चालते का पहिल्यापासून, आमच्या जड पाण्याचा थर बसू नये म्हणून मशीनमंधी मीठ टाकाची सोय हाये का. दुकानदार वैतागला. तीन मशिनीतून सगळ्यात साधी निवडली, जिच्यात परात मावली ती. बसमंधी मी म्हटलं, काकू, एक वचन द्या, हिले माहा हात लागू देऊ नका, कंपनीचाच माणूस बोलवा. काकू बरं म्हणाली.

काकू वारल्या, त्याले दोन वर्षं झाले. नात मोठी झाली, आता पाचवीत हाये, उन्हायात येते घर पाहाले आईसंगं. काकूनं तिले कधी काई सांगितलं नाई, ताईनंबी नाई. मले मामा म्हणते. परवा दुकानात आली, शाळेची पाण्याची बाटली घेऊन, म्हणे मामा, ही गळते, आई म्हणते तुम्हाला कसलाही पार्ट ओळखता येतो. मी बाटली घेतली. एवढंसं कडं व्हतं, कापलेलं. माह्या डब्यात तसेच नवे कोरे दहा पडले व्हते. मी तिच्याकडं पायलं, डोये चांगले हायेत का, हात थरथरते का, हे मी दरवर्षी पाहतो, तिले ठाऊक नाई. बाटली परत दिली. म्हटलं बाई, हे मले नाई येत, आईले म्हण नवी घेऊन दे. ती हासली, म्हणे मामा, तुम्हाला येत नाही? म्हटलं नाई येत. गेली उड्या मारत. खूप जग माय, अन् कोणत्याच बाटलीचं पाणी तुले बाधू नये.