पंत भुंकले नाहीत म्हणून

—नाही नाही, ताई, तिथं नका बसू, बाकाच्या या टोकाला या. तिथून पंतांना बागेचं फाटक दिसतं, आणि फाटक दिसलं की आत येणारं कुत्रं दिसतं. हां, अशा. पट्टा राहू दे अजून माझ्याच हातात — देते हो, देणारच आहे, त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. पंत, ताईंना नमस्कार करा! — म्हणजे हाताला नाक लावतील, गार लागेल, दचकू नका. नाव ना? शर्यतीच्या कागदांवर भलतंच होतं काहीतरी, विजेसारखं कडाडणारं. पण ही एवढी मान, हा सुतकी चेहरा, वर अंगात कोट — पंत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? चार वर्षं धावले बिचारे, आणि चार वर्षांत ग्रेहाउंड सोडून दुसरं कुत्रं डोळ्यांनी पाहिलं नाही. त्यांची समजूत अशी, की कुत्रा म्हणजे आपल्यासारखाच, लांबट आणि गरीब. आणि आमच्याकडे आल्यावर पहिल्याच सकाळी समोर कोण, तर शिंपीणबाईंचा झिपऱ्या! पावशेर कापसाला पाय फुटावेत तसा! पंत आधी दगड झाले, आणि मग जे उडाले — माझी एक चप्पल अजून सापडलेली नाही.

तर आता नीट ऐकून ठेवा. गळ्यातला पट्टा रुंदच हवा, त्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा घातलात तर पट्टा तुमच्या हातात आणि पंत पुढच्या चौकात. कुत्रं तीस पावलांवर असतानाच चीजचा तुकडा द्यायचा, भुंकायच्या आधी — नंतर दिलात तर त्यांना वाटतं बक्षीस मिळालं. हे कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. नातं लावायचं ते मात्र माझं स्वतःचं हो. काळा दांडगा दिसला की मी म्हणते, ‘पंत, मामा आले.’ झिपऱ्या दिसला की ‘आत्याचा धाकटा.’ नात्यातल्या माणसांवर कुणी धावून जातं का? — तुम्ही हसू नका, आमच्याकडेही जातात, पण निदान आधी विचार करतात. आणि आमचे हे पन्नास पावलं पुढे चालायचे, टेहळणीला. लहान कुत्रं असेल तर एकदा खोकायचं, मोठं असेल तर दोनदा. छान चाललं होतं. मग ह्यांना खरोखरचा खोकला झाला आणि आम्ही आठ दिवस एका कुंपणाआड उभे. कुंपणातले आजोबा शेवटी आम्हाला खुर्ची द्यायला लागले.

सगळं करून पाहिलं, ताई. मग माझ्यापाशी जे एकच खात्रीचं आहे, ते केलं. नवस बोलले. माझे नवस फळतात हो, मोठेपणा नाही सांगत. नणंदेची नोकरी, ह्यांची पाठ — नळाची गळतीसुद्धा. पण देवाला काहीतरी द्यावं लागतं ना, फुकट कसं मागायचं? तर पंतांनी एकदा, फक्त एकदा, झिपऱ्याच्या शेजारून गप्प जाऊन दाखवावं — मी माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सोडेन. असं घाईघाईत, पायऱ्या उतरताना बोलले. मनात चहा होता. खरंच, देवाशप्पथ, मनात चहाच होता!

आणि मंगळवारी गेले की हो. झिपऱ्या इकडून, पंत तिकडून, मध्ये एवढंसं अंतर — तुमच्या पिशवीएवढं — पंतांनी नुसतं नाक उडवलं आणि पुढे. मी तिथंच रस्त्यावर हात जोडले, मागची सायकल मला वळसा घालून गेली. घरी येऊन चहा सोडला. तर सासूबाई म्हणतात, ‘चहा कसला सोडतेस? तो तर डॉक्टरांनीच सोडायला सांगितलाय तुला.’ मग गोड सोडलं. ‘ते तुला आवडतच नाही.’ रेडिओवरची मालिका सोडली. ‘ती संपली शनिवारी.’ शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. पंत माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर, चारी पाय वर करून झोपलेले. ‘लाडकं म्हणतात ते हे, सूनबाई. देवाला फसवू नये.’ मी भाजी चिरत बसले. किती चिरली माहीत नाही, दोन दिवस पुरली.

तुमच्याबद्दल सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. दातांच्या दवाखान्यात आहात, म्हणजे हात हलका असणार. अंगणाला उंच भिंत आहे. वीज कडाडली की त्यांना कुशीत घ्यावं लागतं, आणि पांघरूण नाकापर्यंत, कानांवरून नाही. आणि रात्री एकदा उठून बघायचं — मी बघते, उगीच, श्वास चाललाय ना एवढंच. रडत नाहीये हो, वारा आहे. नवस तो नवस. हं, घ्या — धरा पट्टा — थांबा, एक मिनिट. ते कोण येतंय फाटकातून? तपकिरी, पाय आखूड... नाही, तुम्ही बसा. चीज आहे माझ्याकडे, हो, खिशात आहे. राहू दे खिशात. येऊ दे, जवळ येऊ दे. पंत, बघा — कुणी नाही ते आपलं. नात्यातलं नाही. ओळखीचंसुद्धा नाही—

ऐकलंत? अहो, ऐकलंत का? काय भुंकले! सगळी बाग बघायला लागली! माफ करा हं, बाई, तुमच्या कुत्र्याला काही झालं नाही ना? — देव तुमचं भलं करो! बघा ताई, कुठं सुधारलेत पंत? मंगळवारी त्यांना सर्दी असेल, वास आला नसेल. मग नवस फळलाच नाही. फळला नाही तर फेडायचा कसला?... काय? मी? मी कुठं पट्टा आवळला? अशी दोन वेढे देऊन धरायची सवयच आहे माझी. पट्टा ताणला की त्यांना वाटतं संकट आलं, हे खरं, पण... तुम्ही दातांचं बघता ना? मग दातांचं बघा. माझं आणि देवाचं मी बघते. चला पंत, कोट नीट करा. तुम्ही निघा आता, ताई, उशीर होईल तुम्हाला.