घागरींतली कडुलिंबाची पानं

मंडळी, बुद्धी कुठं असते हो? डोक्यात — सगळेच सांगाल! मग पाहुणे आले की ती पोराच्या तोंडात का शोधता? "म्हण बाळा, म्हण!" — अन् बाळानं तोंड उघडलं नाही, की लागला निकाल! मठ्ठ!

ऐका तर. एक होता म्हाळू कुंभार. त्याची लेक गोदी, साडेचार वर्षांची. शाळा उघडायला महिना उरलेला, तोच म्हाळूची बहीण अनसूया माहेरी आली. सोबत तिची लेक, गोदीच्याच वयाची. लेक कसली, पोपट! वार पाठ, महिने पाठ, नक्षत्रंसुद्धा! आभाळात एक तरी दाखव म्हटलं असतं तर — जाऊ द्या, पाहुणी आहे!

आत्यानं गोदीला समोर बसवलं. "सोमवारनंतर काय येतं गं?"

गोदी उठली, अन् भट्टीतून निघालेल्या घागरींकडं चालू लागली!

"दादा, पोर मंद आहे तुझी. यंदा शाळेत घालू नकोस, हसं होईल. घरीच राहू दे, माती तुडवील."

अन् म्हाळूनं — सख्खा बाप बरं का! — मान डोलावली. आई सगुणा चुलीपुढं डोळे पुसत होती. धूर झाला म्हणे! चूल तर पेटलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी लग्नघरचे गणपततात्या घागरी न्यायला आले. माणूस चोख! "म्हाळबा, पाणी भरून दाखव. मांडव गळला तर चालेल, घागर नाही!"

वीस घागरी भरल्या. तीन पाझरल्या! अन् त्या तिन्हींत पाण्यावर तरंगतंय काय? कडुलिंबाचं पान! बाकी सतरांत? शपथेलासुद्धा नाही!

"कुणी टाकली ही?" म्हाळू कडाडला.

"मी," गोदी आईच्या पदराआडून म्हणाली. "त्या आजारी आहेत. मला कांजिण्या आल्या तेव्हा आईनं अंथरुणात पानं ठेवली होती ना?"

"आजारी? तुला कसं कळलं?"

गोदीनं एक चांगली घागर बोटानं वाजवली. "ही टण्ण म्हणते." मग पाझरणारी वाजवली. "अन् ही, बाबा — खोकते!"

तात्या पोट धरून हसले. "म्हाळबा, यापुढं घागरी हिच्याकडूनच वाजवून घेणार बरं का मी!"

म्हाळूनं मात्र लेकीला कडेवर उचललं. "अनसूये, शाळा उघडली की गोदी पहिल्या दिवशी जाणार!"

"अरे, पण वार?"

"वार शिकवायला मास्तर आहे की! सगळं घरूनच शिकून गेली, तर त्यानं काय माशा मारायच्या?"

हसता काय मंडळी? म्हाळूचा जन्म मडकी वाजवण्यात गेला, पण दारातली लेक रोज तेच करतेय, हे त्याला दिसलं नाही! अन् तुम्ही? पोरानं आज काय उघडलं, काय उलटं केलं, काय विचारलं — आठवतं? "गप बस" किती वेळा म्हणालात, ते तरी आठवतं?

अहो, निळ्या लुगड्याच्या बाई! नातीला मागं कशाला ओढताय? मघापासून ती पेटीच्या भात्याशी हात धरून बसलीय — वारा कुठून निघतो ते बघतेय! बघू द्या. पेटीवाले बुवा, भाता जरा सावकाश मारा. अन् मंडळी, तिचं पुरतं बघून होईस्तोवर आपण विठ्ठलाचं नाव घेऊ!