भिंतीकडे तोंड

शेजारीण : ...आणि हात? हातात घेतला, की नुसता टेकवला?

सासू : घेतला गं. चांगला नीट घेतला.

शेजारीण : बाई बाई! आणि त्याच हातानं तुम्ही कांदा चिरताय?

सून : मग काय, हात काचेत घालून ठेवू त्यांचा?

शेजारीण : तसं नाही गं. मावशी, सेवेचं पदक बघू ना. अगंबाई, जड आहे की! सोन्याचं का?

सासू : छे, मुलामा असेल. चादरीवर घासलं तर निघून यायचा.

शेजारीण : आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. दवाखान्याच्या धुलाईघरातली आपली मावशी, आणि समोर साक्षात राजेसाहेब! आमचे हे तर म्हणाले, नशीब काढलं हो मावशींनी.

सून : असं म्हणाले? बोलायला लागले वाटतं भाऊजी आमच्याबद्दल. ह्यांना शिक्षा झाल्यापासून मी जिन्यात दिसले, की भाऊजींच्या चपलेचा अंगठा तुटायचा. खाली वाकून बसायचे ते मी जाईपर्यंत.

शेजारीण : तसं काही नाही गं. त्यांची सरकारी नोकरी, म्हणून जरा...

सासू : असू दे. चहा घेतेस?

शेजारीण : नको, दूध ठेवून आलेय गॅसवर. पण मावशी... त्याचा विषय काढलात का तिथे?

सासू : तिथे आपण होऊन बोलायचं नसतं. विचारतील तेवढंच सांगायचं.

शेजारीण : हो ना. मोठ्या लोकांचं असंच असतं. येते हं मी.

(शेजारीण जाते. सून दाराला कडी लावते.)

सून : गेली एकदाची. आता सांगा.

सासू : काय सांगू? गालिचा एवढा जाड, की पाय आत जातो. धुवायचा म्हटला तर चार बाया लागतील. काल आमची तालीम घेतली. एक कारकून राजा होऊन उभा राहिला होता. खरं सांगू, तोच जास्त शोभत होता.

सून : आई.

सासू : आणि परत फिरताना पाठ दाखवायची नाही म्हणे. उलट्या पावलांनी मागे यायचं. माझ्या पुढची बाई धडपडलीच...

सून : आई, बोललात की नाही? वकिलांनी काय सांगितलं होतं आठवतंय ना? कोर्ट संपलं. आता माफी द्यायची तर राजानंच. उद्या तुरुंगात भेटीचा दिवस आहे. मी जाळीपाशी गेले, की ते पहिलं हेच विचारणार.

सासू : बोलले.

सून : खरंच?

सासू : ते म्हणाले, "लांबून आलात का?" सगळ्यांना तेच विचारत होते. मी म्हटलं, राजेसाहेब, बस डेपोतला तो तसबिरीवाला माझा मुलगा.

सून : आणि पुढचं? छप्पर गळत होतं, राजेसाहेब, तुमच्या तसबिरीवर पाणी यायला लागलं, म्हणून त्यानं ती उतरवून पुसली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली, हे सांगितलंत ना? कुणीतरी तेवढाच फोटो काढून पोलिसांना पाठवला, हे?

सासू : सगळं पाठ केलं होतं गं. महिनाभर चादरींच्या घड्या घालताना तेच तर पुटपुटत होते. पण सांगावंच लागलं नाही.

सून : म्हणजे? रागावले?

सासू : रागावले असते तर बरं झालं असतं. आधी ती खिडकी लाव.

सून : लावली. बोला.

सासू : तेच म्हणाले, अगदी हळू. "छप्पर गळत होतं ना? माहीत आहे मला."

सून : माहीत आहे?

सासू : माझा हात हातात होता त्यांच्या. म्हणाले, "माझ्यापुढे येतं त्यावर मी सही करतो. हे मंत्री माझ्यापुढे आणणार नाहीत."

सून : नाही आणणार तर मागून घ्या म्हणावं! राजा आहे ना तो?

सासू : माझ्याही जिभेवर आलं होतं. पण मी त्यांचं तोंड बघितलं. तपासणीला मोठे साहेब आले, की आमच्या मुकादमाचं होतं ना, तसंच. आपली जागा तेवढी राहू दे, बाकी काहीही होवो.

सून : मग कशाला आहे तो? नोटेवर तो, तिकिटावर तो, पोरांच्या वर्गात तो. त्याचा अपमान झाला म्हणून माझा नवरा सात वर्षांसाठी आत. आणि त्याला माहीत आहे, की अपमान झालेलाच नाही?

सासू : हळू बोल.

सून : का हळू बोलू? त्याला माहीत आहे, आई!

सासू : तुझे सासरे नेहमी म्हणायचे, खालचे लोक चोर, वरच्याला कळलं तर तो असं होऊ देणार नाही. कारखाना बंद पडला तेव्हा म्हणाले, राजेसाहेबांना माहीत नसणार. औषधाला पैसे नव्हते तेव्हाही तेच. शेवटपर्यंत तेच म्हणत गेले. सुखानं गेले गं ते. मला आज त्यांचा हेवा वाटला.

सून : मग तुम्ही काय केलंत?

सासू : काय करणार? शिकवलं होतं तशी उलट्या पावलांनी मागे आले. टाळ्या वाजल्या.

सून : ती वर टांगलेली राजाची तसबीर काढते मी आत्ता.

सासू : हात लावू नकोस! शेजारीण उद्या पुन्हा येईल. एक आत आहे तेवढा पुरे.

सून : रोज ह्याचं तोंड बघायचं?

सासू : बघू नकोस. आपण काही सदा वर बघून चालत नाही.

सून : आणि उद्या ह्यांना काय सांगू? बराकीत सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, माझी आई राजेसाहेबांना भेटणार आहे, त्यांच्या कानावर गेलं की मी सुटलो. तेवढ्यावर दोन घास खाताहेत.

सासू : खरं सांगू नकोस.

सून : मग माफी मिळणार म्हणू?

सासू : तेही नको. रोज दाराकडे बघत बसेल.

सून : मग काय सांगू?

सासू : सांग, आई घाबरली. समोर गेली आणि तिची वाचाच बसली. लांबून आलात का म्हणाले, तर नुसती हो म्हणून परत आली.

सून : जन्मभर तुम्हाला बोल लावतील ते.

सासू : लावू दे. पण जेवेल. तू एवढंच सांग, राजेसाहेबांना अजून माहीत नाही.