रेमेबाईचं मिगास

मी अकोट तालुक्यातली. मायबाप दुसऱ्याच्या वावरात राबत, अन् आमच्या हातचं कोन खाईल, कोन नाई खाईल, हे बी गावात दुसरेच ठरवत. माहे घरधनी वारले तवा पोरगा आकाश इथं कॅनडात हॅलिफॅक्सले नोकरीले लागलता. तो म्हने आई, एकटी काऊन राह्यतं, चाल माह्यासंगं. आली. पन काय सांगू तुमाले, दिवसभर घरात बसून हीटरचा आवाज आयकाचा, माह्यानं नाई झालं. फेरीबोटीत बसून बंदराच्या पलीकडं गेली अन् एका लहानशा हॉटेलात भांडे घासाले लागली.

हॉटेल रेमेदिओसबाईचं. मी तिले रेमेबाई म्हनो. स्पेनची म्हातारी, पन शहरातली नाई, खेड्यातली. तिले धड इंग्रजी येत नव्हतं, मले बी नाई, त्याच्यानं आमचं लय जमलं. तिच्या गावचे मेंढपाळ रानोरान फिरत, संगं शिळा पाव. तो कुस्कराचा, पान्याचा हबका मारून रातभर फडक्यात ठेवाचा, सकाळी तेलात लसून अन् लाल मिरची टाकून परतत राहाचा, परतत राहाचा, दाना दाना मोकळा होईस्तोवर. त्याले मिगास म्हनतात. मी म्हनलं बाई, हा त आमचा कुस्कराच हाय. फक्त तिची मिरची येगळी, लाकडाच्या धुरावर वाळवेल, डबा उघडला की चुलीचा वास. मंग जिरं घालून हरभरे अन् पालक. सारं गरिबाचं खानं. हळूहळू मी भांड्यावरून शेगडीवर आली. डुकराचं मी खात नाई, त्याची चव रेमेबाई पाहे, बाकीची मी.

मंग तिले लकवा मारला. वाचा गेली, उजवा हात गेला, नर्सिंग होममधी ठेवलं. टोरांटोहून भाचा आला, कारभार त्यानं घेतला. म्हने शिळा पाव विकाले आपन काई भिकारी हाओत काय, मिगास काढा, हरभरे काढा, लॉबस्टरचा महागडा भात करा. अन् तुमी आतच राहा, स्पॅनिश जेवन इंडियन बाई करते हे लोकाईले पटत नाई. मी म्हनलं, लोकं इतके वर्स बोटं चाटून गेले, तवा पटत होतं काय. तो म्हने मंग बटर चिकन करा, ते तुमचं हाय. मी म्हनलं, आमच्या गावात कोनाच्या बापानं बटर चिकन केलं नाई. ॲप्रन सोडला, काउंटरवर ठेवला अन् भर जेवनाच्या टायमाले, साऱ्या गिऱ्हाइकाईच्या मधून, पुढच्या दरवाज्यानं निंघाली.

आकाश घाबरला. म्हने विंटर तोंडावर हाय, दुसरा जॉब कुठं भेटन, त्यापेक्षा मिसळ कर, इथले मराठी स्टुडंट लाइन लावतीन. मी म्हनलं मिसळ तू कर. कोनाचं खानं कोनी रांधाचं हे गावात लय आयकलं, आता इथं येऊन नाई आयकनार.

एका चर्चच्या बेसमेंटमधला हॉल अन् स्वयंपाकघर शनिवारपुरतं भाड्यानं घेतलं. बाहेर बोर्ड लावला, रेमेबाईच्या गावचं जेवन, रांधनारी मंदा. पह्यल्या शनिवारी बर्फ पडला, कोनी फिरकलं नाई, आमी मायलेक आठवडाभर तेच खाल्लं. पुढच्या शनिवारी आकाश फावड्यानं बर्फ काढाले माह्या आंधी उठला. मंग जुने गिऱ्हाईक आले, गोदीतले कामगार आले, नर्सा आल्या. आता हॉल कधी भरते, कधी नाई भरत.

रविवारी मी रेमेबाईकडं डबा नेतो. मीठ कमी पडलं की तोंड वाकडं करते, तेवढं अजून येते तिले. परवा भाचा तिथंच व्हता. तिच्यासमोर म्हने, मावशी, हे काई खरं आपल्या गावचं नाई. रेमेबाईनं त्याच्याकडं पाह्यलं नाई. डाव्या हातानं ताटली जवळ ओढली अन् खात राह्यली. मी भाच्यापुढं खुर्ची सरकवली, म्हनलं बस, गरम हाय तोवर तू बी खा. नाई बसला. नको बसू बाप्पा, तुयं बी भलं होवो. मी शनिवारी रांधनारच हाय.