क्रूस कोण उचलणार

हॅलो?… हो, मीच, ओतिलिया. माझ्याच फोनवर लावलास ना आत्या, मग दुसरं कोण उचलणार?… नाही, झोपले नव्हते. ड्यूटीवर आहे, अ‍ॅम्ब्युलन्सच्या ठाण्यावर. पट्ट्या मोजून पेटीत भरतेय. बोल.

…हो, जेवले.… टोर्टिया आणि राजमा.… अगं, मी जेवले की नाही हे विचारायला तू कधी फोन करतेस? बोल ना काय ते.

…सोमवार. हो, लक्षात आहे. सोमवारी बाराच्या आत सही. पोलिसात बाबांच्या जागेवर मुलीला घेतायत, असं कुणी कुणासाठी करत नाही, कमांडर बाराहासनी स्वतः शब्द टाकलाय. पाठ झालंय मला. काल जपमाळ चालू असताना सांगितलंस, परवा स्वयंपाकघरात सांगितलंस, आणि बाबांच्या शवपेटीवर माती पडत होती तेव्हाही माझ्या कानाशी तेच सांगत होतीस.… उद्धट नाही बोलत. झालं तेच सांगतेय.

…पगार जवळजवळ दुप्पट, माहीत आहे.… हो, आईची साखरेची औषधं फुकट.… एफ्रेनचं शिक्षण, तेही माहीत आहे. माझा धाकटा भाऊ आहे तो, विसरले नाही.… इथे अर्धी माणसं फुकट राबतात, आत्या, मला निदान पगार मिळतो.… 'तेवढ्यावर चूल पेटत नाही.' पेटते. लवकर विझते, एवढंच.

…पुस्तकांना मध्ये आणू नकोस. पुस्तकांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

…काय? परत सांग.… उद्याचं कोण करणार?… आत्या, क्रूस उचलायला तू कमांडरना बोलावलंस? कुणाला विचारून?… 'घरात मोठी मी आहे.' बरं.

…हो, मान मोठा आहे, म्हणून तर विचारतेय. आठ दिवस झाले, जिथे बाबांना ठेवलं होतं तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस आहे. आम्ही त्याला वळसा घालून चालतो, एफ्रेनसुद्धा. उद्या नवव्या दिवशी तो चुना गोळा करून थडग्यावर नेणारा माणूस आमचा सोयरा होणार, जन्मभरासाठी. आणि शनिवारी ज्याला सोयरा केलं त्याला सोमवारी 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं?… नाही, तू मान म्हणून नाही केलंस हे. बेडी घातलीस.

…माझ्या मनात नाबोर होता.… हो, ड्रायव्हर. नुसता ड्रायव्हरच. बाबांना उचलून गाडीत ठेवलं ते त्याने.… कमांडरच्या तुलनेत कोण, ते तूच ठरव.

…जरा मोठ्याने बोल, विहिरीतून बोलल्यासारखा येतोय आवाज.

…पोलीस वाईट असं मी म्हटलं कधी? बावीस वर्षं पोलिसाच्या घरात वाढलेय. गणवेशाला इस्त्री मी करायचे, तू नाही.… हो, हो, मान्य आहे, शूर होते. त्याबद्दल तुझ्याशी भांडण नाही.

…काय म्हणालीस?

…नाही, ऐकू आलं. तरी पुन्हा म्हण.… 'पोलीस निदान आत तरी जातात. तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्सवाले बाहेर उभे राहून बघता.'

…हो. उभी होते. त्या दिवशी गाडीवर मीच होते.… आईला माहीत नाही. उद्याचं झालं की सांगणार होते.

…ऐकायचंय तुला? मग ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. धान्यबाजारामागची गल्ली. पिवळी फीत लावलेली. फितीच्या आतलं सगळं पोलिसांचं, ते 'या' म्हणेपर्यंत आम्ही पाऊल टाकायचं नाही. नियम चांगला आहे, मीच शिकवते नव्यांना. त्या नियमामुळे इथली दोन माणसं आज जिवंत आहेत. पण गोळीबार आम्ही पोचायच्या आधीच थांबला होता. मारणारे मोटरसायकलवरून पसार झाले, हे समोरच्या बाईने खिडकीतून ओरडून सांगितलं. मी फितीपाशी जाऊन म्हटलं, सोडा आम्हाला. कमांडर म्हणाले, थांब, राज्य पोलिसांची कुमक येऊ दे.

…सतरा मिनिटं.… अंदाज नाही, आत्या. आम्हाला दोन वेळा लिहाव्या लागतात, पोचल्याची आणि रुग्णाला हात लावल्याची. माझ्याच अक्षरात आहेत दोन्ही.

…थांब, अजून आहे. कमांडरच्या खांद्यावर वायरलेस चालू होता. त्यावर बाबा बोलत होते.… नाही, वाचवा म्हणत नव्हते. पत्ता सांगत होते. गल्लीचं नाव आणि दाराचा रंग. थोडं थांबायचे, की पुन्हा गल्लीचं नाव, दाराचा रंग. अकरा मिनिटं. मग नाही.

…म्हणे पोलीस हो, म्हणजे तुला कुणी अडवणार नाही. बाबा पोलीसच होते ना? त्यांच्यासाठी कोण गेलं आत?

…आत्या, तो कसला आवाज?

…खुर्ची कुणी सरकवली? कोण आहे तिथे?… स्पीकर? स्पीकर लावलायस तू? केव्हापासून?… अस्सं. मी 'बरं बाई, करते सही' म्हणणार आणि ते सगळ्यांनी ऐकायचं, असं ठरलं होतं.… सगळे म्हणजे कोण?… आई. आणि?

…कमांडर. आमच्या घरात. आत्ता. क्रूसाशेजारी बसून कॉफी घेतायत.

…नको, बंद करू नकोस. आता राहू दे.… मी कशाला माफी मागू? एक शब्द खोटा असेल तर त्यांनी सांगावं, ते बसलेत ना समोर?

…आई काय म्हणतेय? काही कळत नाही, फोन जवळ ने तिच्या.… त्यांना विचारतेय? काय?… 'कोणता रंग सांगत होता तो?'

…मग? काय म्हणाले?… आत्या, रडणं नंतर. काय म्हणाले ते?

…हिरवा.

…म्हणजे ऐकलं होतं त्यांनी. मला आठ दिवस वाटत होतं, रस्त्यावरच्या गोंगाटात कदाचित नसेल ऐकलं.

…त्यांना त्यांची टोपी कुणी दिली?… आईने? हातात?… काही बोलली?… दार उघडून उभी राहिली. बरं.

…हो आत्या, गेली जागा. माझ्यामुळे गेली, लिही माझ्या नावावर.… नाही, कसं भागणार ते माहीत नाही मला.… 'उपाशी मराल.' बरं. फोन आईला दे.… अगं, दे ना तिला.

…आई.… हो. हिरवाच होता.… मी पोचले तेव्हा हात गरम होते.… नाही, बोलले नाहीत. तुझ्यासाठी चांगलं काही रचून सांगू शकले असते, पण नाही बोलले.… हो, डोळे मीच मिटले.

…आई, मी इथेच राहणार. कमी पडेल आपल्याला. बरंच कमी पडेल.… काय?… नाबोर? हो, आहे इथेच, गाडीपाशी.… उद्या क्रूस उचलशील का, विचारते. नाही म्हणणार नाही तो.… काळा शर्ट? नसेल बहुतेक, त्याला कधी बघितलं नाही काळ्यात.

…बाबांचा? नक्की?… नाही, लहान नाही होणार. थोडा सैल होईल. बाह्या दुमडेल तो.

…बेल वाजतेय आई. गाडी निघाली. ठेवते.