मेलेला पाइप

नळसामानाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोघं होती. एक, नवं बाथरूम बांधून घेणारा तरुण. दुसऱ्या, त्याच्या खालच्याच घरात राहणाऱ्या काकू.

"काकू, प्लंबर म्हणाला, हा जुना पाइप मेलेला आहे. म्हणून गच्चीवरची टाकी बंद करून कापला आणि बूच मारलं."

"मेलेला? अरे, तो माझा होता! कालपासून घरात पाण्याचा थेंब नाही."

"त्याने कान लावून ऐकलं होतं हो. काही आवाज आला नाही."

"माझा नळ बंद असताना पाणी काय गप्पा मारणार? खाली येऊन विचारायचं होतंस."

"आमच्या भिंतीतला पाइप तुमच्याकडे जातो, हे कुणाला माहीत?"

"मला! तुझ्या जन्माच्या आधीपासून. आता जोडून दे."

"जोडला असता, पण त्यावर टाइल्स बसल्यात."

"मग फोड."

"हिने चार महिने दुकानं पालथी घालून आणल्यात, काकू. फोडल्या तर ती मला घरात घेणार नाही."

"मला घेईल ना? पाइप जुळेपर्यंत मी आंघोळीला तुमच्याकडेच येते."

"अहो, तिथे अजून आम्हीसुद्धा आंघोळ केली नाही!"

"मग उद्घाटन माझ्याच हातून. मला तासभर लागतो हं. आणि मी गाते."

"मालक, आधी एक छिन्नी दाखवा. मोठी."