भांगेचं पान छापलेली बाटली

माझा जन्म येवल्याचा. वडील पैठणीच्या मागावर बसत, दहाव्या वर्षी मी बसलो आणि पुढे पंचावन्न वर्षं बसूनच राहिलो. त्यापलीकडे माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही, पण तुम्ही नाशिकहून लिहून घ्यायला आलात, तर एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे, तेव्हा जशी आहे तशी लिहा, गोड करू नका.

आमच्या घरात वडिलांपासून एक नियम. नशा केलेल्या माणसानं मागाला हात लावायचा नाही. हा धर्माचा नियम होताच, पण त्याहून कामाचा होता. पैठणीचा पदर पुढून दिसतो तसाच मागून दिसावा लागतो, एक धागा चुकला की चार बोटं पुढे मोराची मान वाकडी होते. या नियमापायी मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला, युनूसला, मागावरून उठवलं. तो काहीतरी सांगत होता. तो पुढे नांदगावला गेला आणि तिथेच वारला.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची झडप बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचं. हात थरथरू लागला म्हणून मी विणणं सोडलं आणि माग दत्तूकडे दिला. दत्तू वीस वर्षं माझा कारागीर, जवळच्या वस्तीवरून सायकलनं येतो, मला चाचा म्हणतो. माणूस बोलका, मी कमी बोलणारा, म्हणून आमचं जमलं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाची पैठणी मागावर होती. पदराचे अर्धे मोर झाले होते. दुपारी डबा काढताना दत्तूच्या पिशवीतून एक छोटी बाटली घरंगळली. मी उचलली. वर हिरवं पान छापलेलं होतं, आणि ते पान मी ओळखतो. मी विचारलं, ही भांग का. तो म्हणाला, चाचा, भांगंपासूनच काढत्यात, पण ह्ये त्याल हाय, सीबीडी म्हणत्यात, खांद्यासाठी डॉक्टरनं लिहून दिलंय, नशा व्हत नाय, थांबा चिठ्ठी दावतो. मी म्हणालो, चिठ्ठी ठेव खिशात आणि ऊठ. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग सायकल काढून गेला. बाटली माझ्याच हातात राहिली.

आता काय सांगू तुम्हाला, अर्धा पदर दुसऱ्याच्या हाताला जात नाही. फणी मारण्याचा प्रत्येकाचा ठोका वेगळा, त्याची रेघ कापडावर उमटते. मी स्वतः चार बोटं विणून पाहिली. माझा थरथरता हात त्यात स्पष्ट दिसत होता.

रविवारी मुलगी आली. नजमा नाशिकला एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. तिनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, अब्बा, याच्यात नशा नाही. त्या झाडात नशा आणणारा अंश वेगळा आणि हा वेगळा. तो पहिला या बाटलीत नावापुरता आहे, तपासणीचं लिहिलेलंय. सगळ्याच बाटल्या अशा नसतात, म्हणून वाचायचं असतं. तुम्ही वाचलंत का. मी विचारलं, किती दिवस घेत असेल. ती म्हणाली, बाटलीवरची तारीख पाहता दोन-तीन महिने.

ती गेल्यावर मी पदर उलटा करून उन्हात पाहिला. दोन-तीन महिन्यांचं काम. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. एक धागा चुकला नव्हता. पुरावा माझ्याच मागावर होता आणि मी बाटलीवरचं चित्र पाहून न्याय केला होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण एका समजुतीतून निघालेला माणूस थेट दुसरीत जातो. शेजारच्या दुकानदारानं मोबाइलवर दाखवलं, हे तेल गुडघ्यांवर, साखरेवर, कशावरही चालतं, झाडाचं आहे, काही होत नाही. माझे गुडघे दुखतात. बाटली घरात होती. दत्तूला चार थेंब लिहिलेले असतील तर आपण जास्त घ्यावेत, लवकर गुण येईल, असा मी हिशोब केला. नजमाला विचारलं नाही. एकदा चूक निघाली होती, दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलली नाही.

दहा दिवसांत गुडघे होते तसेच राहिले. मात्र दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि दंडावर काळानिळा डाग पडला. रक्त तपासलं, ते गरजेपेक्षा फार पातळ झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय घेतलंत. सांगावं लागलं. माझी गोळी अंगातून जायची ती या तेलानं अडते आणि साठत राहते, असं ते म्हणाले आणि मला दवाखान्यात ठेवून घेतलं. नजमा फोनवर म्हणाली, अब्बा, धोतराही झाडच आहे. आणि फोन ठेवला. माझीच मुलगी.

बरा झाल्यावर मी दत्तूच्या वस्तीवर गेलो. बाटली घेऊन गेलो, कारण वस्तू त्याची होती. त्यानं ती उजेडात धरली. अर्ध्याच्या खाली आली होती. मी म्हणालो, ती मी घेतली. न विचारता घेतली आणि दवाखान्यात पडलो.

त्यानं बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, चाचा, मंग आता तुमाला कोनी उठवायचं मागावरनं?

मी म्हणालो, चिठ्ठी दाखव.

त्यानं दाखवली. मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्यात डोस होता, मुदत होती, आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं की सुस्ती वाटल्यास काम करू नये. मी विचारलं, सुस्ती येते का. येत नाय, तो म्हणाला, आली तर सांगीन. आणि खांदा? त्यो दुखतोच, थोडा कमी, त्यालानं का आरामानं, कोनाला ठावं.

दुसऱ्या दिवशी तो आला. आधी मी विणलेली चार बोटं उसवली, मग जिथे उठला होता तिथून पुढचा मोर धरला.

नियम अजून आहे. आता त्यात एवढंच वाढवलंय, की उठवण्याआधी ऐकायचं. माझं वय झालं, हे शिकून फार उपयोग नाही, दत्तूला होईल, त्याचा हात शाबूत राहो. युनूस त्या दिवशी काय सांगत होता, ते मला आठवत नाही. ऐकलंच नव्हतं.